एका पदवीची चार वेळापत्रके

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत व्यवस्थापनाचा एक वर्षाचा एमएस्सी अभ्यासक्रम साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. भारतातून आलेला विद्यार्थी तेव्हा राहायची खोली, बँकेतले खाते आणि बसचा पास यांच्या मागे असतो. नेमक्या त्याच आठवड्यांत मोठ्या बँका, लेखापरीक्षण कंपन्या आणि सल्लागार कंपन्या पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या पदवीधरांचे अर्ज मागवू लागतात. अनेकांची मुदत नाताळच्या आसपास संपते, काहींच्या जागा भरल्या की अर्ज त्याआधीच बंद होतात. ज्याने अजून पहिला निबंधही लिहिलेला नाही, त्याने पदवीनंतरच्या नोकरीसाठी अर्ज करायचा असतो. हे लक्षात येईपर्यंत मार्च उजाडतो, आणि मग उन्हाळ्यात, पदवीच्या शेवटच्या टप्प्यात, सगळे अंगावर येते. या टप्प्यातल्या ताणाचे स्पष्टीकरण एरवी विद्यार्थ्याच्या स्वभावात शोधले जाते. त्याने ओळखी वाढवल्या नाहीत, त्याचे बोलणे कमी पडले, तो आपल्याच मुलांत राहिला, असे म्हटले जाते. यात थोडे तथ्य असेलही. पण या ताणाचे मुख्य कारण स्वभावाबाहेरचे आहे. विद्यापीठ, नोकरी देणाऱ्या कंपन्या, व्हिसा देणारे सरकार आणि कर्ज देणारी बँक यांची चार वेळापत्रके एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवण्याचे काम चौघांपैकी कोणीच करत नाही. ते विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

आधी विद्यापीठाचे वेळापत्रक पाहू. दोन सत्रे शिकवणी, जानेवारीत आणि मे महिन्यात परीक्षा वा निबंध, आणि त्यानंतर डिसर्टेशन, म्हणजे साधारण दहा ते पंधरा हजार शब्दांचा संशोधन प्रबंध. जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत विद्यार्थी त्यात गुंतलेला असतो. वर्ग संपलेले असतात, पदवीच्या वर्गातली स्थानिक मुले घरी गेलेली असतात, मार्गदर्शकाच्या भेटी मोजक्याच ठरलेल्या असतात. मुलाखती किंवा प्रश्नावली वापरायची तर आधी नीतिविषयक परवानगी घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी ५० गुणांना उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन मिळते. भारतात ऐंशी-नव्वद टक्के पाहायची सवय असलेल्या मुलाला पहिल्या सत्रातले ६२ गुण अपयशासारखे वाटतात, तिथे मात्र ते चांगले मानले जातात. प्रबंध दिला म्हणून पदवी हातात पडत नाही. तपासणी, फेरतपासणी, बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आणि मग परीक्षा मंडळाची बैठक, या क्रमाने निकाल बऱ्याचदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, आणि पदवीदान समारंभ त्याहून पुढे, हिवाळ्यात किंवा थेट पुढच्या उन्हाळ्यात होतो. म्हणजे काम संपलेले असते, पण विद्यार्थी अजून पदवीधर झालेला नसतो. शिवाय हा उन्हाळा कागदोपत्री सुट्टीचा नसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याचे डिसर्टेशनचे महिने सत्रातच मोजले जातात, त्यामुळे आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करायची मुभा त्याला नसते. पदवीच्या वर्गातल्या त्याच्या मित्राला मात्र त्याच महिन्यांत पूर्णवेळ काम करता येते.

नोकरी देणाऱ्यांचे वेळापत्रक वेगळ्याच विद्यार्थ्याला समोर ठेवून आखलेले आहे. इंग्लंडमधला पदवीचा अभ्यासक्रम सहसा तीन वर्षांचा असतो. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात तिथली मुले एखाद्या कंपनीत आठ-दहा आठवड्यांची इंटर्नशिप करतात, त्यातल्या कित्येकांना तिसरे वर्ष सुरू होण्याआधीच नोकरीचा शब्द मिळतो, आणि उरलेल्या जागांसाठी शरद ऋतूत अर्ज मागवले जातात. ऑनलाइन चाचण्या, कॅमेऱ्यासमोर रेकॉर्ड करायची मुलाखत, मग दिवसभर चालणारे असेसमेंट सेंटर, अशी ती चाळणी काही महिने चालते. या साखळीत उन्हाळ्याला फार महत्त्व आहे, कारण कंपनी आणि विद्यार्थी एकमेकांना तेव्हाच पारखतात. एक वर्षाच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याकडे असा उन्हाळा नसतो. त्याचा एकुलता एक उन्हाळा डिसर्टेशनमध्ये जातो. सप्टेंबरात अर्ज करावा तर सीव्हीवर तिथला एकही गुण नाही, तिथला अनुभव नाही, शिफारस करणारा प्राध्यापकही अजून नावाने ओळखत नाही. पुढच्या सप्टेंबरात करावा तर रुजू व्हायची तारीख आणखी एक वर्ष पुढे जाते. एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या मानाने स्वस्त पडतो हे खरे. पण जे वर्ष वाचते, त्याच वर्षात नोकरीच्या बाजारात शिरण्याची वाट असते.

तिसरे वेळापत्रक सरकारचे, आणि ते सर्वांत चंचल. शिक्षणानंतर राहून काम करण्याची जुनी सवलत ब्रिटनने एप्रिल २०१२ मध्ये बंद केली होती. १ जुलै २०२१ पासून 'ग्रॅज्युएट' व्हिसाच्या रूपाने ती परत आली. त्यात पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षे, आणि पीएचडी झालेल्याला तीन वर्षे, कोणत्याही कंपनीच्या स्पॉन्सरशिपशिवाय काम करता येते. ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने ही मुदत आखडण्याचे सुचवले, आणि नंतर ठरल्याप्रमाणे १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार. इथे तारीख मोजली जाते ती अर्जाची, प्रवेशाची नव्हे. विद्यापीठाने उत्तीर्ण झाल्याचे सरकारला कळवल्याशिवाय हा अर्जच करता येत नाही. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये एकाच वर्गात बसलेल्या दोघांपैकी ज्याचा निकाल नोव्हेंबर २०२६ मध्ये लागला त्याला दोन वर्षे, आणि ज्याला एका विषयाची फेरपरीक्षा द्यावी लागून निकाल जानेवारीत मिळाला त्याला दीड वर्ष. जानेवारीच्या प्रवेशसत्रात आलेल्यांची गत यापेक्षा वेगळी नाही. फी आणि पदवी सारखीच, तरी परीक्षा मंडळाच्या बैठकीची तारीख त्यांच्या आयुष्यातल्या सहा महिन्यांचा निकाल लावते. जुन्या नियमांत एक हिशेबी युक्ती सांगितली जायची. अभ्यासक्रम बारा महिन्यांचा वा अधिक असेल तर विद्यार्थी व्हिसा अभ्यास संपल्यावर आणखी चार महिने चालतो, सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान असेल तर दोनच. ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत मंजुरीपासून मोजली जाते, म्हणून अर्ज शेवटच्या दिवसांत करावा, हाती अधिक काळ उरतो. ही युक्ती आंधळेपणाने वापरणाऱ्याला २०२७ चा उंबरठा ओलांडावा लागून सहा महिने गमवावे लागतील. शिवाय हा अर्ज केल्याशिवाय पूर्णवेळ कायम स्वरूपाची नोकरी धरता येत नाही, हेही त्या हिशेबात अनेकदा सुटते.

ग्रॅज्युएट व्हिसानंतर राहायचे तर बहुतेकांना 'स्किल्ड वर्कर' व्हिसा लागतो, आणि त्यासाठी परवानाधारक कंपनीने स्पॉन्सर करावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना सवलतीचा आकडा आहे ३३,४०० पौंड. अर्थात त्या-त्या व्यवसायासाठी ठरलेला सवलतीचा दर अधिक असेल तर तो लागू होतो. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षे मिळते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्यातून वजा होतो. म्हणजे दोन वर्षे ग्रॅज्युएट व्हिसावर काढली की पुढच्या दोन वर्षांत पूर्ण पगारमर्यादा गाठावी लागते. जुलै २०२५ पासून पदवीच्या पातळीखालच्या बऱ्याच कामांना ही वाट बंद झाली, काहींना तात्पुरती सूट आहे. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला हे विशेष झोंबते, कारण विक्री, मार्केटिंग वा कार्यालयीन कामांतल्या सुरुवातीच्या अनेक जागा नेमक्या या सीमेच्या आसपास असतात. २०२४ च्या वसंतात मर्यादा वाढताच काही मोठ्या कंपन्यांनी परदेशी पदवीधरांना दिलेल्या नोकऱ्यांचे शब्द मागे घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या मुलांनी शरद ऋतूतच अर्ज केले होते, सगळ्या चाचण्या पार केल्या होत्या. त्यांच्या नियोजनात चूक नव्हती, नियम मध्येच बदलले.

चौथे वेळापत्रक मायदेशातल्या बँकेचे. शैक्षणिक कर्जावर अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे सहा महिने ते एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत. व्याज मात्र चढत असते. समजा तीस लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतले आणि रक्कम सुरुवातीलाच उचलली. दोन वर्षांत सरळव्याजाने सहा लाख तीस हजार वाढतात. छत्तीस लाख तीस हजारांची परतफेड दहा वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता एकोणपन्नास हजारांच्या घरात जातो. ३३,४०० पौंड पगारावर प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विमा वजा करून, पेन्शनची वजावट सोडून, महिन्याला साधारण २,३०० पौंड हातात येतात. पौंडाचा भाव ११५ रुपये धरला तर हा हप्ता त्यातले सव्वाचारशे पौंड खातो. खोलीभाडे देऊनही ते झेपते. भारतात महिन्याला साठ-सत्तर हजारांची नोकरी मिळाली तर तोच हप्ता पगाराचा मोठा भाग गिळतो. प्राप्तिकराच्या कलम ८०ई खाली व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि ती मिळाल्याने हप्ता लहान होत नाही. 'नोकरी नाही मिळाली तर ये परत' हे घरच्यांचे प्रेमाचे वाक्य हिशेबात म्हणूनच अवघड आहे. पौंडात फेडायच्या आशेने काढलेले कर्ज रुपयांत फेडायचे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे नियम जाहीर आहेत, सरकारच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर आहेत, ज्याने वाचले नाहीत त्याची ती चूक. हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. कंपन्यांचे अर्ज केव्हा उघडतात हे प्रवेशपत्र हाती पडताच शोधता येते, आणि ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्येच सीव्ही तयार ठेवला त्यांची परिस्थिती निश्चित बरी असते. पण प्रत्येक वेळापत्रक जाहीर असणे वेगळे आणि त्यांची एकत्र मांडणी कोणी करून देणे वेगळे. विद्यापीठ आपल्या निकालाची तारीख सांगते, त्या तारखेचा व्हिसावर काय परिणाम होईल हे विचारल्याशिवाय सांगत नाही. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाला विद्यापीठाकडून सहसा कमिशन मिळते ते विद्यार्थी दाखल झाल्यावर, तो नोकरीला लागल्यावर नव्हे. जाहिरातींतले आकडेही अशाच वेगळ्या तारखांचे असतात. फायनान्शियल टाइम्सच्या मास्टर्स इन मॅनेजमेंट क्रमवारीत पगार मोजला जातो तो पदवीनंतर सुमारे तीन वर्षांनी. ब्रिटनचे अधिकृत ग्रॅज्युएट आउटकम्स सर्वेक्षण अभ्यास संपल्यावर पंधरा महिन्यांनी माहिती विचारते. दोन्ही आकडे आपल्या जागी प्रामाणिक आहेत. पण शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्याला काळजी असते पहिल्या सहा महिन्यांची, आणि तिच्यावर दोन्हींपैकी एकही आकडा प्रकाश टाकत नाही. दीड वर्षाच्या व्हिसात तर पंधराव्या महिन्यानंतर तीनच महिने उरतात.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. पदवी हे शिक्षण आहे, स्थलांतराचे तिकीट नव्हे. ब्रिटनने आपल्या रोजगाराच्या बाजाराचे नियम आपल्या मतदारांकडे पाहून करावेत, परदेशी विद्यार्थ्याच्या सोयीसाठी नव्हे. यात वावगे काही नाही. ग्रॅज्युएट व्हिसा म्हणजे नोकरीची हमी असा दावा कोणी करू नये. पण मग तत्त्व दोन्ही बाजूंनी लावावे. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर तिथल्या विद्यापीठांचा मोठा आर्थिक डोलारा उभा आहे, आणि व्यवसाय-व्यवस्थापन हा त्या विद्यार्थ्यांचा सर्वाधिक पसंतीचा विषय आहे. शिक्षणानंतर काम करण्याची संधी ही या आकर्षणाचा भाग म्हणून पुढे केली जाते. विक्रीच्या वेळी जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, ते अडचणीच्या वेळी केवळ उपकार ठरत नाही. शिवाय इथे मागणी अधिक काळाची आहेच असे नाही. जे आधी ठरले ते प्रवेश घेतलेल्याला लागू राहावे, म्हणजे बदल अर्जाच्या तारखेवर न बेतता प्रवेशाच्या तारखेवर बेतावा, एवढी साधी दुरुस्तीही बराच अन्याय टाळू शकते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर, कारण तो पुराव्यावर उभा आहे. बहुतेक मुलांचे शेवटी बरेच होते, मग ही ओरड कशाला? ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीने प्रा. ब्रायन बेल यांच्या अध्यक्षतेखाली मे २०२४ मध्ये ग्रॅज्युएट व्हिसाचा तातडीचा आढावा सादर केला. २०२३ मध्ये मुख्य अर्जदारांना असे सुमारे १,१४,००० व्हिसा मिळाले होते, आणि एकूण व्हिसांपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतीयांकडे गेले होते. गैरवापर मोठ्या प्रमाणावर होत असल्याचा पुरावा समितीला आढळला नाही आणि व्हिसा चालू ठेवावा अशी तिची शिफारस होती. पदवीधर सुरुवातीला कमी पगाराच्या कामांत अधिक दिसतात, पण काळाबरोबर त्यांचे काम आणि पगार सुधारतात, असेही निरीक्षण त्यात आहे. हे निरीक्षण आक्षेपाला आधार देते असे वाटते, पण खरे तर ते इथल्या मुद्द्याला बळ देते. परिस्थिती सुधारते ती काळाबरोबर. काउंटरवरच्या कामातून कार्यालयात, कंत्राटी जागेवरून कायम जागेवर जायला विद्यार्थ्याला जे लागते ते काही महिने. मग मुदत सहा महिन्यांनी कमी करणे म्हणजे नेमकी सुधारणा घडवणारी गोष्टच काढून घेणे. त्यात सर्वाधिक नुकसान होते ते हळू सुरुवात करणाऱ्याचे, म्हणजे ज्याच्या घरी इंग्रजी कार्यालयांची ओळख नाही, ज्याने पहिल्या पिढीत कर्ज काढले, अशा विद्यार्थ्याचे.

मग दुसरा देश निवडावा का? अमेरिकेतला एमबीए सहसा दोन वर्षांचा असतो, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप होते, म्हणजे विद्यापीठ आणि कंपन्यांची वेळापत्रके तिथे बरीच जुळतात. पण तिथे सरकारचे वेळापत्रक नशिबावर टाकलेले आहे. 'ओपीटी' या शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीखाली बारा महिने काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणाऱ्या अभ्यासक्रमांना आणखी चोवीस महिने मिळतात. म्हणूनच अनेक बिझनेस स्कूलांनी आपले विश्लेषणाचे अभ्यासक्रम त्या यादीत बसवले. त्यापुढच्या एच-१बी व्हिसाच्या जागा वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० एवढ्याच आहेत, आणि अर्ज त्याहून कितीतरी अधिक येत आल्याने निवड सोडतीने होत आली आहे. शिवाय दुसऱ्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च वेगळाच. भारतात परतणाऱ्यालाही अडचण तारखांचीच येते. इथल्या व्यवस्थापन शिक्षणात चांगल्या नोकऱ्या मुख्यतः कॅम्पस प्लेसमेंटमधून दिल्या जातात, आणि परदेशातून आलेल्याला इथे कॅम्पसच नसतो. लंडनची पदवी घेऊन तो पुण्या-मुंबईत एकेक कंपनीकडे स्वतःहून अर्ज करत फिरतो, इथल्या संस्थांचा हंगाम मात्र आधीच संपलेला असतो.

पैसे देणाऱ्याचे आणि शिक्षणाचे वेळापत्रक जुळले नाही तर काय होते, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले, पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये त्यांना एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी पदवी मिळाली. त्यांची असामान्य जिद्द हे यामागचे कारण आहेच. पण आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. विद्यापीठाने आपले वेळापत्रक थोडे सैल केले आणि जिद्दीला वाट मिळाली. आजच्या व्यवस्थेत तसा सैलपणा उरलेला नाही. ग्रॅज्युएट व्हिसा एकदाच मिळतो, आणि त्याचा अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच, विद्यार्थी व्हिसा चालू असताना करावा लागतो. घरच्या आजारपणासाठी किंवा पैशांच्या तुटवड्यामुळे परतलेल्या आणि तोवर व्हिसा संपलेल्या मुलाला ती वाट पुन्हा उघडत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. परदेशातल्या व्यवसाय-पदवीची निवड करताना क्रमवारी आणि फी यांच्याइतकेच तारखांना महत्त्व द्यावे. अभ्यासक्रम नेमका किती महिन्यांचा आहे, परीक्षा मंडळ केव्हा बसते, फेरपरीक्षा द्यावी लागली तर निकाल कधी लागतो, वर्षभराच्या प्लेसमेंटसह दोन वर्षांचा पर्याय आहे का, कर्जाचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होतो, हे प्रश्न प्रवेशाआधी एका कागदावर मांडले की बऱ्याच गोष्टी आपोआप उघड होतात. कंपन्यांच्या पहिल्या फेरीचे अर्ज निघण्यापूर्वीच, भारतात असतानाच तयार ठेवता येतात. डिसर्टेशनचा विषय एखाद्या खऱ्या उद्योगाच्या प्रश्नाशी जोडला तर त्याच उन्हाळ्यात त्या क्षेत्रातल्या माणसांशी बोलायचे कारण मिळते. आणि परतायची वेळ आली तर हप्ता कसा भरायचा, हा हिशेब घरच्यांबरोबर कर्जावर सही करण्याआधीच झाला पाहिजे. एवढे करूनही सरकारने नियम बदलले तर विद्यार्थ्याच्या हातात फारसे काही उरत नाही, हे मान्यच करायला हवे. म्हणून या प्रश्नाचा अर्धा भाग तयारीचा असला तरी उरलेला अर्धा धोरणाचा आहे. विद्यापीठांनी निकाल नोकरीच्या आणि व्हिसाच्या तारखा पाहून लावावेत, बँकांनी सवलतीचा काळ प्रत्यक्ष निकालापासून मोजावा, आणि सरकारने शिकत असलेल्यांना जुनेच नियम लावावेत. पदवीच्या अखेरीस नोकरी न मिळालेल्या मुलाला 'तू कुठे कमी पडलास' असे विचारण्याआधी, त्याच्यासमोर कोणत्या तारखा होत्या आणि त्या कोणी ठरवल्या होत्या, हे विचारायला हवे.